महामंदीत रूझवेल्टनी काय केलं: आधी हाताला काम की आधी बँका सुरक्षित?

१९३३ मध्ये अमेरिकेत चारातला एक माणूस बेकार, बँका धडाधड बुडालेल्या. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी दोन्हीकडून हात घातला. एक म्हणजे तातडीची मदत, सीसीसी (बेकार पोरांना काम देणारी सरकारी योजना) घ्या ना, १८ ते २५ वयाची पोरं जंगलात कॅम्पवर राहून झाडं लावायची, महिन्याला ३० डॉलर आणि त्यातले २५ थेट घरी, म्हणजे पोरगा तिकडे कुदळ मारतोय आणि इकडे आईची चूल पेटतेय, मला तर ही कल्पना आजही भारी वाटते. पण १९४२ ला सीसीसी बंद झाली.

दुसरं म्हणजे सुधारणा, ठेवींना विमा, १९३४ पासून सुरुवातीला २५०० डॉलरपर्यंत. यातून कुणाला लगेच भाकरी मिळाली नाही, पण बँकेसमोरच्या रांगा थांबल्या आणि ती सोय अजून चालू आहे, आपल्याकडच्या ५ लाखांच्या ठेव विम्यामागे तीच कल्पना. १९३५ ची सोशल सिक्युरिटी, म्हणजे म्हातारपणी पेन्शन देणारी सरकारी योजना, तीपण टिकली, फक्त सुरुवातीला शेतमजूर आणि घरकामवाल्या बायका त्यातून बाहेर ठेवल्या, हे मला फार खुपतं, कारण सगळ्यात जास्त गरज त्यांनाच होती.

मला विचाराल तर आधी मदतच, उपाशी माणूस कायदा होईपर्यंत थांबू शकत नाही.