निळ्या-पिवळ्या रेषांचा प्रामाणिक नकाशा

द एरोस्पेस कॉर्पोरेशन या अमेरिकी संशोधन संस्थेच्या संकेतस्थळावरील उपग्रह-पुनर्प्रवेशाच्या, म्हणजे उपग्रह कक्षेतून पृथ्वीच्या वातावरणात परत शिरण्याच्या, भाकितांचा सर्वांत मोठा गुण असा, की त्यांत अनिश्चितता लपवलेली नसते. संभाव्य वेळ, तिच्या पुढेमागे किती तास धरावेत याचा आकडा आणि त्या कालखंडातील मार्गाच्या निळ्या-पिवळ्या रेषा नकाशावर एकत्र दिसतात. सौर घडामोडींमुळे वरचे वातावरण फुगते, कोलांट्या खाणाऱ्या उपग्रहावरील हवेचा रोध सतत बदलत राहतो आणि तासाला सुमारे २८,००० किलोमीटर वेगामुळे अर्ध्या तासाची चूकही पडण्याचे ठिकाण १४,००० किलोमीटरनी हलवते. त्यामुळे काही दिवस आधीच्या नकाशावर नेमकी जागा शोधू नये (अशी नेमकी जागा सांगणाऱ्या बातम्यांना तोटा नसतो). वेळा जागतिक प्रमाणवेळेत असतात, एवढे ध्यानात ठेवावे.