शाश्वत मासेमारीचे प्रशिक्षण: कोल्हापुरातील अनुभव

प्राणिशास्त्र आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एकाच बाकावर बसवून मासेमारीचे व्यवस्थापन शिकवणारा कोल्हापुरातील एका संस्थेचा वर्ग मी नुकताच पूर्ण केला. रंकाळ्याच्या काठावर कटल्याचा खवला भिंगाखाली धरून त्यावरील वलयांवरून माशाचे वय कसे ओळखावे, हे शिकलो. तो तास माझ्या कायम लक्षात राहील. कोणालाही मासेमारीची मुभा असलेल्या पाण्यात नफा दिसतो तोवर नव्या होड्या उतरत राहतात आणि अखेरीस मासा व कमाई दोन्ही घटतात, हे अर्थतज्ज्ञ एच. स्कॉट गॉर्डन यांचे १९५४ मधील विवेचनही उत्तम समजावले. कोकण किनाऱ्यावरील १ जून ते ३१ जुलै या पावसाळी मासेमारी बंदीचा भाग मात्र घाईत उरकला, याची खंत वाटते. शुल्कही जास्त आहे. गरजू विद्यार्थ्यांना सवलत मिळायलाच हवी.