डेनॉनच्या रिसीव्हरमधील ऑडिसी: सबवूफरचा खर्ज आणि आपली आवड

डेनॉनच्या एव्हीआर-एक्स३८००एच या होम थिएटर रिसीव्हरमधील ‘ऑडिसी मल्टइक्यू एक्सटी३२’ ही रूम करेक्शनची, म्हणजे खोलीमुळे बिघडणारा आवाज माइकने मोजून सुधारण्याची, सोय मी मुख्यतः एकाच कसोटीवर पारखली, ती म्हणजे सबवूफरचा, अर्थात खालचे स्वर वाजवणाऱ्या स्पीकरचा, खर्ज कितपत ताब्यात येतो. १५ फूट लांबीच्या दिवाणखान्याचा पहिला अनुनाद, म्हणजे खोली स्वतःच घुमू लागते ती कंपनसंख्या, साधारण ३८ हर्ट्झला येतो आणि बेस गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झची, म्हणजे त्याच्या अगदी शेजारची. त्यामुळे काही स्वर भिंती हलवतात, तर काही ऐकूच येत नाहीत.

मोजणीच्या आरंभी पडद्यावरचा आकडा ७५ डेसिबलच्या आसपास येईपर्यंत सबवूफरच्या मागचा गेन (आवाजाची पातळी ठरवणारी कळ) फिरवायचा असतो. त्याचा स्वतःचा क्रॉसओव्हर, म्हणजे तो कुठवरचे स्वर वाजवेल ती सीमा, कमाल टोकाला ठेवावा. मग पंखे बंद करून माइक ट्रायपॉडवर कानाच्या उंचीला धरायचा आणि मुख्य आसनापासून सुरुवात करून आठ जागी मोजणी घ्यायची. शेवटी टेपने नऊ फूट भरणाऱ्या सबवूफरचे अंतर तेरा फूट दिसले, तरी ते बदलू नये, कारण सबवूफरच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्समुळे होणारा विलंब त्यात धरलेला असतो. मोठे स्पीकर ‘लार्ज’ (खर्जही स्वतःच वाजवणारे) ठरवले गेले असतील तर ते मात्र ‘स्मॉल’ (खर्ज सबवूफरकडे सोपवणारे) करून क्रॉसओव्हर ८० हर्ट्झला आणावा.

घुमणारे उंचवटे ऑडिसी फार सफाईने कापते. नंतर बेस गिटारचा प्रत्येक स्वर सुटा आणि जवळपास सारख्या वजनाचा ऐकू येतो. मात्र भिंतीवरून परतलेल्या लहरी मूळ लहरींना जिथे पुसून टाकतात, तो खड्डा कोणतीही प्रणाली भरू शकत नाही, कारण जितकी ताकद ओतावी तितकीच ती रद्द होत जाते. त्यावर उपाय जागाबदलाचाच: सबवूफर सोफ्यावर ठेवून, स्वतः भिंतीच्या कडेने रांगत खर्ज कुठे भरीव आणि एकसारखा लागतो ते ऐकावे आणि सबवूफर तिथे मांडावा. घरच्यांना हा प्रकार करमणुकीचा वाटतो, पण मोजणीआधी तो करावाच.

ऑडिसीने सपाट केलेला खर्ज अनेकांना पहिल्यांदा फिका वाटतो आणि त्यात त्यांच्या कानांचा दोष नाही. हरमन या ध्वनी-उपकरणांच्या कंपनीत संशोधक शॉन ऑलिव्ह यांनी केलेल्या श्रवणचाचण्यांतही बहुतेक श्रोत्यांनी खर्जाकडे चढत जाणारा आलेख पसंत केला होता. म्हणून रिसीव्हरच्या मेनूतून सबवूफरची पातळी तीन डेसिबल वाढवण्यात मला काहीच गैर वाटत नाही. आधी आलेख सरळ झालेला असल्याने ही वाढ खोलीच्या लहरीप्रमाणे न होता आपल्या इच्छेप्रमाणे होते. ऑडिसीचीच ‘डायनॅमिक ईक्यू’ ही सोय चालू असेल तर हात आखडता घ्यावा, कारण आवाज कमी केल्यावर कानांना खालच्या पट्टीचा जो तुटवडा जाणवतो, तो ही सोय आधीच भरून काढत असते. चित्रपटांसाठी तिचा रेफरन्स लेव्हल ऑफसेट (ही भर किती कमी करायची ते ठरवणारा आकडा) शून्यावर योग्य लागतो. संगीताला तो दहा किंवा पंधरावर नेला नाही, तर गायकाच्या आवाजावर खर्जाची साय चढते.

या रिसीव्हरवर वेगळे पैसे भरून डिरॅक लाइव्ह ही दुसरी रूम करेक्शन प्रणालीही घेता येते. तथापि सबवूफरसाठी चार स्वतंत्र आउटपुट असलेल्या या यंत्राला एकच सबवूफर जोडलेला असेल, तर ती रक्कम आधी दुसऱ्या सबवूफरसाठी राखून ठेवावी. सोफ्याच्या दोन टोकांना बसणाऱ्यांना सारखा खर्ज मिळण्यास त्याचा अधिक उपयोग होतो.