सेमी-इंग्रजीच्या मुलांसाठी नंदुरबारमधील संध्याकाळचा वर्ग: एका वर्षाचा अनुभव

माझी मुलगी सहावीत आहे. पाचवीपासून तिचे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून सुरू झाले. आमच्या घरी अहिराणी बोलली जाते आणि प्रमाण मराठी तिला शाळेत गेल्यावरच नीट येऊ लागली, त्यामुळे इंग्रजी ही तिची तिसरी भाषा ठरते. गेल्या जूनपासून ती नंदुरबारमध्ये, आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर भरणाऱ्या एका वर्गाला जाते. दोन शिक्षिका मिळून तो चालवतात. आठवड्यातून चार दिवस, रोज सव्वा तास शिकवणी असते आणि महिन्याची फी ६०० रुपये आहे.

त्याआधी एक वर्ष आम्ही तिला इंग्रजी संभाषणाच्या दुसऱ्या एका क्लासला पाठवले होते. तिथे स्वतःची ओळख, आवडता सण, माझी शाळा अशी भाषणे पाठ करून घेत आणि ती घडाघडा म्हणूनही दाखवत असे. घटक चाचणीत मात्र गणिताची शाब्दिक उदाहरणे तिने कोरी सोडली. 'हाऊ मेनी मँगोज आर लेफ्ट' या प्रश्नातला 'लेफ्ट' म्हणजे डावा असे तिला वाटले होते, आणि चित्र दिलेले नसताना डावीकडचे आंबे कसे मोजायचे, असे तिने घरी येऊन मला विचारले. वजाबाकी तिला उत्तम येत होती. अडले होते ते भाषेपाशी, आणि हे आम्हा आईवडिलांच्या लक्षात यायला वर्ष गेले, याचे मला आजही वाईट वाटते.

सध्याच्या वर्गात सुरुवात होते ती मुलांच्या शाळेच्याच पुस्तकांपासून. रोजच्या वापरात एक अर्थ आणि गणितात दुसरा अर्थ असलेले शब्द मुले आधी शोधून अधोरेखित करतात. 'डिफरन्स' म्हणजे फरक खरा, पण उदाहरणात तो वजाबाकी करायला सांगतो. 'प्रॉडक्ट' म्हणजे दुकानातली वस्तू नव्हे, तर गुणाकार. 'टेबल' म्हणजे पाढाही असतो. प्रत्येकाच्या वहीत चार रकाने असतात: इंग्रजी शब्द, मराठी शब्द, घरचा शब्द आणि स्वतः काढलेले चित्र. मोठ्या मुलांच्या वहीत 'रूट' या शब्दापुढे झाडाचे मूळ आणि वर्गमूळ शेजारी शेजारी पाहिले, तेव्हा मराठी येथे अडथळा ठरण्याऐवजी थेट मदतीला येते हे मला पटले.

घरच्या शब्दाचा तो रकाना हीच या वर्गाची खरी ओळख आहे. अहिराणी बोलले की मुलाचे इंग्रजी बिघडते, अशी समजूत आपल्या भागात अजून घट्ट आहे. इथे मॅडम उलट अहिराणीतूनच वाट काढतात. 'मी जाई ऱ्हायनू' या वाक्यातले दोन तुकडे त्या फळ्यावर सुटे करून दाखवतात आणि 'आय ॲम गोइंग'मध्येही दोनच तुकडे आहेत, फक्त त्यांची जागा बदलली आहे, हे मुलांकडूनच काढून घेतात. 'घरमा' या शब्दातला 'मा' एका वेगळ्या कार्डावर लिहिलेला असतो. तेच कार्ड उचलून शब्दाच्या आधी ठेवले की 'इन द हाऊस' तयार होते. 'माले भूक लागनी' हे वाक्य मात्र असे सरळ वळत नाही, आणि ते का वळत नाही यावर एक पूर्ण तास गेल्याचे मुलीने मोठ्या उत्साहाने सांगितले.

विज्ञानाचा एक तास मी मागे बसून पाहिला. विषय बाष्पीभवनाचा होता आणि उदाहरण होते मिरची पथारीचे, म्हणजे ओली मिरची वाळत घालतात त्या मोकळ्या जागेचे. वर्गातल्या काही मुलांच्या आया पथारीवर कामाला जातात, त्यामुळे ओली मिरची वाळल्यावर हलकी का होते हे त्यांना पुस्तकाआधीच ठाऊक होते. मुलांनी ते आधी आपापल्या बोलीत एकमेकांना सांगितले, मग मराठीत मांडले आणि शेवटी फळ्यावरच्या अर्ध्या वाक्याच्या आधाराने इंग्रजीत लिहिले. धडगावकडची, पावरी बोलणारी नववीतली एक मुलगी लहान मुलांना दुभाष्यासारखी मदत करत होती. अक्कलकुव्याकडचा एक मुलगा पहिले दोन महिने इंग्रजीत एक शब्दही बोलला नव्हता, असे मॅडमनी सांगितले. त्याला कोणी उभे करून बोलायला लावले नाही. चित्राकडे बोट दाखवणे, कार्ड उचलणे एवढेच त्याच्याकडून अपेक्षित होते. त्या दिवशी त्याने दोन वाक्ये वाचली.

हा धीर शास्त्रालाही धरून आहे. कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत फरक केला. दुसऱ्या भाषेत गप्पांपुरते बोलणे साधारण दोन वर्षांत जमते, अभ्यासाच्या भाषेला मात्र पाच ते सात वर्षे लागू शकतात, असे त्यांच्या मांडणीतून पुढे आले. तेही ज्या देशात आजूबाजूला सगळीकडे इंग्रजी कानावर पडते तिथले. आपल्या राज्यात २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते, पण शाळेबाहेर ते आमच्या मुलांच्या कानावर फारसे पडत नाही. म्हणून तीन महिन्यांत फाडफाड इंग्रजीचे आश्वासन देणाऱ्या फलकांवर मी यापुढे विश्वास ठेवणार नाही.

आता उणिवा. एका खोलीत अठ्ठावीस मुले बसतात, आणि पाचवी ते नववीची मुले एकत्र असल्यामुळे लहानांना कधी कधी नुसते ऐकत बसावे लागते. वह्या पंधरा दिवसांनी तपासल्या जातात. तोवर चुकीचे स्पेलिंग हाताला बसून जाते. उच्चारांकडेही पुरेसे लक्ष दिले जात नाही. सर्वांत गंभीर उणीव वेगळीच आहे. दिवाळीनंतर तीन मुले आईवडिलांबरोबर ऊसतोडीसाठी गुजरातेत गेली. ती परतली तेव्हा वर्ग बराच पुढे गेला होता आणि त्यांच्यासाठी वेगळी तयारी काहीच नव्हती. त्यांतल्या दोघांनी येणे सोडले. ज्यांना आधाराची सर्वाधिक गरज आहे तीच मुले अशी गळत असतील, तर याचा विचार वर्गाने तातडीने केला पाहिजे. मी मॅडमशी बोलले, तेव्हा जाताना बरोबर नेता येतील अशा चित्रांसह शब्दवह्या तयार करण्याचे त्यांनी मान्य केले आहे.

माझ्या मुलीचे नाव मी पुढच्या वर्षासाठीही घातले आहे. वार्षिक परीक्षेत तिने शाब्दिक उदाहरणांपैकी एकही कोरे सोडले नाही; दोन चुकली, तीही आकडेमोडीत. प्रवेश जूनच्या पहिल्या आठवड्यात होतात आणि आधी चार दिवस विनाशुल्क बसू देतात. जाताना मुलाचे गणिताचे पुस्तक आणि मागच्या चाचणीची उत्तरपत्रिका बरोबर न्यावी, कारण मॅडम पहिल्या भेटीत त्याच मागतात, आणि मुलाशी बोलण्याची सुरुवात 'तुमच्या घरी याला काय म्हणतात' या प्रश्नाने करतात.