घरचा स्टोरेज सर्व्हर: दोन पावसाळे काढल्यानंतरचा अनुभव

कोल्हापुरात घरी स्टोरेज सर्व्हर (घरातल्या सगळ्या फाइली एकाच जागी साठवणारा, नेटवर्कवरून वापरायचा कॉम्प्युटर) बांधणार असाल तर पहिला पैसा यूपीएसवर घाला, दुसरा पैसा चढावरच्या भागात राहणाऱ्या कुणाकडे तरी ठेवायच्या दुसऱ्या प्रतीवर, आणि मग उरलेल्यात जेवढ्या टीबीच्या हार्ड डिस्क बसतील तेवढ्या घ्या. दोन पावसाळे आणि मधला उन्हाळा हे मशीन रात्रंदिवस चालवल्यावर माझं हे मत पक्कं झालंय. डिस्क कुठली आणि रॅम किती यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. माझ्याकडे जे जे बिघडलं ते सगळं वीज आणि वायर यांच्यातून बिघडलं.

माझं काम लग्नाच्या फोटो-व्हिडिओचं. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल पंचवीस-तीस एमबीची होते, आणि १०० एमबीपीएसने फोर-के शूट केलं की तासाला ४५ जीबी जातात. हळदीपासून वरातीपर्यंत दोन कॅमेरे चालले की एका लग्नात अर्धा टीबी सहज भरतो. वर घरचे फोटो वेगळेच. पूर्वी हे सगळं सुट्या यूएसबी डिस्कवर, कपाटात, प्रत्येकीवर मार्करने वर्ष लिहून ठेवलेलं असायचं. कपाटातली डिस्क खराब झालीय हे ती परत लावेपर्यंत कळत नाही, हा त्या पद्धतीचा मोठा दोष. याच गावात बाबूराव पेंटरांनी मूकपट काढले, १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी इथेच उभी राहिली. त्या काळातले बहुतेक मूकपट आज कुणालाच पाहता येत नाहीत, कारण रिळंच उरली नाहीत. निदान कोल्हापूरच्या कॅमेरावाल्याने तरी जपणुकीची गोष्ट हलक्यात घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

मशीन साधं आहे. इंटेलचा आय-३ ८१०० प्रोसेसर असलेला जुना मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, बूटसाठी १२८ जीबीची एसएसडी आणि सुरुवातीला ४ टीबीच्या दोन हार्ड डिस्क. कॅबिनेट मात्र नवीन घेतलं, पुढचा १२० मिलिमीटरचा पंखा थेट डिस्कवर वारा मारेल असं. सॉफ्टवेअर ट्रूनॅस, म्हणजे स्टोरेज सर्व्हरसाठीचीच ऑपरेटिंग सिस्टिम, आणि ते निवडायचं कारण झेडएफएस. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये तयार झालेली ही फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत, डेटाच्या प्रत्येक ब्लॉकचा चेकसम (त्यातल्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) साठवते. वाचताना हिशोब जुळला नाही तर मिररमधल्या (तोच डेटा दोन डिस्कवर ठेवायची जोडी) दुसऱ्या डिस्कवरून चांगली प्रत उचलते आणि बिघडलेली दुरुस्त करते. महिन्यातून एकदा स्क्रब, म्हणजे पूर्ण तपासणी, लावला की पडून असलेला सगळा डेटाही असाच तपासून होतो. कपाटातल्या डिस्कला हे कधीच जमणार नव्हतं.

दोन डिस्कची मिरर म्हणजे जागा एकीचीच, आणि ४ टीबीची डिस्क पडद्यावर दिसते ३.६ची, कारण कंपनी हजाराने मोजते आणि कॉम्प्युटर १०२४ने. हे घरी आधीच समजावून सांगा. डिस्क घेताना एकच गोष्ट दुकानदाराकडून लेखी घ्या: सीएमआर की एसएमआर. सीएमआरमध्ये डेटाचे ट्रॅक शेजारी-शेजारी सुटे असतात; एसएमआरमध्ये ते कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे मधलं काही बदलायचं तर शेजारचंही पुन्हा लिहावं लागतं. मिररची डिस्क बदलून सगळा डेटा नव्याने भरायची वेळ आली की अशी डिस्क दमते, आणि कधी कधी सर्व्हर तिला मेलेली समजून बाहेर काढतो. नॅससाठी (म्हणजे असल्याच स्टोरेज सर्व्हरसाठी) म्हणून विकलेल्या काही डिस्कही आतून एसएमआर आहेत हे २०२० मध्ये जगभर गाजलं होतं. तेव्हा खोक्यावर नॅस लिहिलंय एवढ्यावर विश्वास ठेवू नका, मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या तक्त्यात बघा.

आता बिघाडाची गोष्ट, कारण यातूनच मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. जागा कमी पडायला लागल्यावर आणखी दोन ४ टीबीच्या डिस्क घेऊन दुसरी मिरर जोडी लावली. मदरबोर्डवर डिस्क जोडायचे साटा पोर्ट उरले नव्हते, म्हणून एक साटा कार्ड घातलं. पुढच्याच स्क्रबमध्ये नव्या जोडीतल्या एका डिस्कपुढे चेकसमच्या चुका दिसल्या. दुकानदाराचा सल्ला, “भावा, डिस्क गेली, वॉरंटीत टाक.” मी आधी स्मार्टचे आकडे काढले, म्हणजे डिस्क आपल्या तब्येतीच्या ज्या नोंदी स्वतःच ठेवते त्या. डिस्क स्वतः मरायला लागली की ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांचे आकडे वाढतात: बदललेले सेक्टर, शंकास्पद सेक्टर, वाचता न येणारे सेक्टर. माझ्याकडे तिन्ही शून्य होते. वाढत होता १९९, म्हणजे डिस्क आणि कंट्रोलर यांच्या मधल्या वाटेवर होणारी सीआरसीची चूक. जोडीतल्या दोन्ही डिस्कच्या डेटा केबल अदलाबदल केल्या, तर चूक केबलबरोबर दुसऱ्या डिस्ककडे गेली. डिस्कवरचा आरोप तिथेच मिटला. धातूची क्लिप असलेली चांगली केबल लावली. लक्षात ठेवा, हा १९९ चा आकडा पुन्हा शून्य होत नाही, तो वाढायचा थांबला का एवढंच बघायचं.

काही दिवस बरे गेले. मग मोठी कॉपी चालू असताना तीच डिस्क अचानक पूलमधून (सगळ्या डिस्क मिळून झालेल्या साठ्यातून) गायब झाली, पूल डिग्रेडेड म्हणजे अधू, आणि रीस्टार्ट केल्यावर डिस्क पुन्हा ठणठणीत हजर. असं पुन्हा घडल्यावर स्मार्टमधल्या १२ क्रमांकाकडे लक्ष गेलं. डिस्क किती वेळा बंद होऊन चालू झाली त्याची ती मोजणी. मी सर्व्हर चालू-बंद केला त्यापेक्षा ती जास्त भरत होती, म्हणजे सर्व्हर चालू असताना डिस्कची वीज जात होती! दोन्ही नव्या डिस्कना वीज येत होती मोलेक्सवरून (जुन्या पद्धतीच्या चार पिनांच्या वीज-कनेक्टरवरून) साटात फुटणाऱ्या एकाच स्वस्त जोडवायरीतून. कनेक्टर ओढून काढला तर एका पिनेभोवतीचं पांढरं प्लास्टिक पिवळसर पडून किंचित वितळलेलं. साडेतीन इंची डिस्क फिरायला सुरुवात करताना १२ व्होल्टवर दोन अँपिअरच्या आसपास ओढते, आणि साच्यात ओतलेल्या असल्या कनेक्टरमध्ये तारा आत एकमेकींच्या फार जवळ असतात. आग लागली नाही हे नशीब. भरपूर साटा वायरी स्वतःच्याच असलेला नवीन पॉवर सप्लाय घेतला, जोडवायर फेकून दिली, तेव्हापासून एकही चूक नाही. झेडएफएसचा आणखी एक गुण इथे दिसला. डिस्क परत आल्यावर त्याने सगळे टीबी पुन्हा न भरता, ती बाहेर असताना जेवढं बदललं तेवढंच भरलं. काही मिनिटांत पूल निरोगी.

वीज हा आपल्याकडचा स्वतंत्र विषय. एप्रिल-मेमध्ये वळीव सुरू झाला की संध्याकाळी दिवे चार वेळा मिचकावतात. घरी इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय वीज गेल्यावर जेमतेम १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, आणि बरेच इन्व्हर्टर साध्या मोडवर तेवढ्या वेळात बदलत नाहीत. यूपीएस मोडचं बटण असेल तर ते आधी दाबा. मी १००० व्हीएचा लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस घेतला. त्यात महत्त्वाची होती ती यूएसबी वायर. ती सर्व्हरला जोडली, ट्रूनॅसमधली यूपीएस सेवा चालू केली, आणि पाच मिनिटांत वीज आली नाही तर सर्व्हर आपोआप नीट बंद होतो. राउटर आणि फायबरचा डबाही त्याच यूपीएसवर घ्या. फायबरच्या काचेतून विजेचा झटका येत नाही, पण त्या डब्याच्या ॲडॅप्टरमधून येतो, आणि तिथून नेटवर्क केबलने सर्व्हरपर्यंत पोहोचतो.

मग पाणी. आमचं घर शाहूपुरीत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं होतं, आणि २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा महापूर आला. सर्व्हर वरच्या मजल्यावर असला तरी पूर आला की वीज बंद, रस्ता बंद. एकाच घरातल्या चार डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे हे पुराने जितकं स्पष्ट होतं तितकं कुठल्या लेखाने होत नाही. म्हणून धाकट्या बहिणीच्या घरी, आर. के. नगरला, एक जुना डेस्कटॉप ८ टीबीची एकच डिस्क घालून ठेवला. तिचा पहिला प्रश्न रास्त होता, “दादा, ह्याला लाईट किती लागतंय? आणि दिवसा बंद ठेवलं तर चालतंय काय?” चालतं. बायोसमध्ये रात्रीची वेळ लावली आहे. मशीन स्वतः उठतं, त्या दिवसाच्या स्नॅपशॉटमधला (त्या क्षणी डेटा जसा होता तशी गोठवलेली नोंद) फरक ओढून घेतं आणि बंद होतं.

ब्रॉडबँडवाले बहुतेक घरांना स्वतंत्र पब्लिक आयपी देत नाहीत, त्यामुळे पोर्ट उघडायच्या खटपटीत पडू नका. टेलस्केल या खासगी नेटवर्क बनवणाऱ्या सेवेने दोन्ही घरं जोडली. ५० एमबीपीएस अपलोडवर ४५ जीबीला दोन तास लागतात, ते रात्रीत निघतं. पण सुरुवातीचे ५ टीबी तसेच पाठवायचे तर सव्वानऊ दिवस लागले असते. म्हणून पहिली प्रत घरीच भरली आणि डिस्क टॉवेलात गुंडाळून तिच्याकडे नेऊन लावली. फोटो ग्राहकांच्या घरातल्या माणसांचे आहेत, तेव्हा डेटा एनक्रिप्ट करूनच जातो, किल्ली बहिणीकडच्या मशीनवर ठेवलेली नाही. पावसाळ्यात माझा नियम ठरलेला: बंधाऱ्यावर ३९ फूट झाले की हाताने एक जादा प्रत पाठवायची, ४३ झाले की सर्व्हर बंद करून प्लग काढायचा.

बाकी थोडक्यात. नेटवर्क एक गिगाबिटवरून अडीचवर नेलं, सेकंदाला ११० एमबीचे २८० झाले. घरातली कॅट ५ई वायर तीच चालली. सर्व्हरवरूनच एडिटिंग करत असाल तर करा, नाहीतर गरज नाही. एसएसडी कॅश घरगुती वापरासाठी घेऊ नका, त्या पैशात रॅम वाढवा. इमिच या सर्व्हरवर चालणाऱ्या फोटो-ॲपवर आईच्या फोनमधले फोटो आपोआप येतात, चेहऱ्यांवरून माणसं शोधता येतात, आणि घरच्यांना सर्व्हर आवडायला लागला तो इथे. हाताखालच्या मुलाने एकदा हळदीचा अख्खा फोल्डर उडवला, तो विंडोजमध्ये राइट क्लिक करून ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’मधून स्नॅपशॉटवरून चहा व्हायच्या आत परत आणला. ट्रूनॅसचे अपडेट मात्र उशिराच घ्या. २०२४ मध्ये ॲप्स चालवायची सगळी व्यवस्था कुबर्नेटिस या प्रणालीवरून डॉकर या दुसऱ्या प्रणालीवर गेली, असल्या बदलाच्या वेळी लग्नसराई चालू नसावी.

चार डिस्कसह मशीन साधारण ४५ वॉट घेतं, म्हणजे महिन्याला ३२-३३ युनिट. मे महिन्यात दुपारीही डिस्क ४५ अंशांच्या खाली राहिल्या, ते श्रेय त्या पुढच्या पंख्याला. पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलं असतं तर हे जमलं नसतं.

सध्या लक्ष आहे ते यूपीएसच्या बॅटरीवर. अधूनमधून मुद्दाम प्लग काढून किती वेळ चालतं ते बघतो; नवा असताना तासाहून जास्त चालायचा, आता पाऊण तासावर आलाय. आत १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरच्या दोन लेड-ॲसिड बॅटऱ्या आहेत, राजारामपुरीत सहज मिळतात. मार्चमध्ये, वळीव सुरू व्हायच्या आत, दोन्ही एकदमच बदलणार आहे.