छोट्या व्यवसायांसाठी सॉफ्टवेअर: संपूर्ण हिशेब की फक्त येणी?

ओळखीतले दोघं छोट्या व्यवसायांसाठी आर्थिक सॉफ्टवेअरची कंपनी काढताहेत. पेच एकच: पूर्ण हिशेबाचं पॅकेज बनवायचं, की फक्त थकलेल्या बिलांचा पाठपुरावा करणारं ॲप?

खर्चात फरक मोठा आहे. पॅकेज म्हणजे दुहेरी नोंद (प्रत्येक व्यवहार नावे आणि जमा अशा दोन्ही बाजूंना), कर, बँकेशी ताळमेळ. आणि कराचे नियम बदलले की पुन्हा काम आलंच. शिवाय चुकीला माफी नाही. फ्लोटिंग पॉइंटमध्ये, म्हणजे संगणक अपूर्णांक साठवतो त्या नेहमीच्या पद्धतीत, 0.1 आणि 0.2 ची बेरीज नेमकी 0.3 येत नाही, म्हणून रकमा सहसा चलनाच्या सर्वांत लहान एककाच्या, म्हणजे पैशांच्या, पूर्णांकात साठवतात. येणी ॲपलाही हे पथ्य आहेच, पण तिथे ताळेबंद जुळवायचा नसतो.

ग्राहक मिळवण्यात येणी ॲप सरळ पुढे. अडकलेला पैसा सुटला की मालकाला फायदा लगेच दिसतो. चालू हिशेब दुसरीकडे हलवायला मात्र तो, आणि त्याहून त्याचा हिशेबनीस, सहजी तयार होत नाही.

टिकण्यात पारडं पॅकेजकडे झुकतं. वर्षानुवर्षांच्या नोंदी ज्यात आहेत ते सॉफ्टवेअर सहसा कोणी सोडत नाही.

हिशेबातला जाणकार सोबत असेल आणि कमाईविना दोनेक वर्षं तग धरता येत असेल, तर पॅकेज बनवायला घ्या. दोघंच असाल आणि पैसा स्वतःचा असेल, तर येणी ॲपच करा.