एक्सएच हाउसिंग: सेन्सरला चालेल, मोटरशेजारी नको

कुपवाड एमआयडीसीत आम्ही शेतीपंपाचे ऑटो-स्टार्टर बोर्ड बनवतो. सेन्सरच्या वायरींना सध्या जेएसटी कंपनीचं एक्सएच हाउसिंग (वायरींच्या टोकाला बसणारं प्लास्टिकचं कनेक्टर) आहे. छोटं, उलटं बसत नाही, २२ गेजच्या वायरीला ३ अँपिअरपर्यंत चालतं. फ्लोट स्विचला एवढं कशाला लागतंय!

पिच, म्हणजे शेजारच्या दोन पिनांमधलं अंतर, मात्र बघूनच घ्या. एक्सएच २.५ मिमी, तसंच दिसणारं रिलिमेट कनेक्टर २.५४. दुकानदार म्हणतो, "एकच हाय की ओ, बसतंय." तीन पिनांना बसतंही, दहा पिनांत शेवटपर्यंत ०.३६ मिमीचा फरक पडतो आणि पिना तिरक्या होतात.

शिवाय एक्सएचला खटका नाही, नुसत्या पकडीवर राहतं. तासगावच्या द्राक्षबागेत मोटरशेजारी थरथरणाऱ्या पेटीत मी ते लावणार नाही. तिथे जेएसटीचंच मोठं व्हीएच: ३.९६ मिमी पिच, खटक्यासकट, १६ गेजच्या जाड वायरीला १० अँपिअर. जागा जास्त खातं, खाऊ दे.

टर्मिनल, म्हणजे वायरीवर दाबून (क्रिंप करून) हाउसिंगमध्ये घालायचे धातूचे तुकडे, हाउसिंगच्याच कंपनीचे घ्या. बिननावाच्या पाकिटातले आत नीट अडकत नाहीत, वायर जरा ओढली की मागून बाहेर. आणि साध्या पक्कडीने क्रिंप करणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.